गाळणीवाली राजकन्या निघाली तेव्हा

आठव्या भागात गाळणीवाली बाई राजघराण्यातली निघाली, आणि माझी मावशी भर थिएटरात उठून उभी राहिली.

"खोटं आहे हे!" ती म्हणाली. पुटपुटली नाही, चांगलं खणखणीत म्हणाली.

मागून कुणीतरी ओरडलं, "बसा हो काकू, दिसत नाहीये!" मी तिची बाही धरून खाली ओढली. ती बसली, पण पुढचा पाऊण तास तिने पडद्याकडे बघितलं नाही. खुर्चीच्या हातावर बोटं आपटत राहिली. तिच्या पलीकडे काका गाढ झोपले होते. मावशीचा हा नवरा या सिनेमाच्या प्रत्येक भागात झोपत आलाय आणि दिवे लागले की डोळे चोळत "चांगला होता" म्हणत आलाय.

आमच्या घरात या सिनेमांना नुसतं 'यान' म्हणतात. तेहतीस वर्षांत आठ भाग झाले. पृथ्वी सोडून निघालेली माणसं एका अवाढव्य यानातून नव्या ग्रहाकडे चालली आहेत, आणि तेहतीस वर्षं झाली तरी पोचलेली नाहीत. मावशीला याची चाहती म्हणणं जरा धाडसाचंच. तिने प्रत्येक भाग एकदाच पाहिलाय, थिएटरात. पात्रांची नावं तिला माहीत नाहीत. ती त्यांना टकल्या कप्तान, निळी पोरगी, दाढीवाला, असं म्हणते. दोन भागांच्या मधल्या चार-पाच वर्षांत तिला यानाची आठवणही येत नाही. पण मत विचारा, प्रत्येक भागाचं मत तयार आहे.

"दुसरा बरा. तिसऱ्यात नुसती हाणामारी, कोण कुणाला मारतंय त्यांनाच कळत नव्हतं. चौथा पोरांची खेळणी खपवायला काढला. पाचव्यात त्या दाढीवाल्याने चार गावं भरतील एवढी माणसं मारली आणि शेवटी रडला म्हणून त्याला माफ केलं. का? रडायला काय लागतं? सहावा आठवत नाही. सातवा म्हणजे पहिलाच, नुसती माणसं बदलली."

"आणि पहिला?"

"पहिला खरा होता," ती म्हणायची आणि विषय संपवायची.

पहिला भाग आला त्याच वर्षी मावशी इस्पितळात कामाला लागली. शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या विभागात. तो विभाग सगळीकडे असतो तसा तळघरात. वरून ट्रे येतात, त्यात रक्ताने माखलेले चिमटे, कात्र्या, पकडी. त्या धुवायच्या, कात्रीचा सांधा उघडून ब्रशने घासायच्या, भिंगाखाली बघायच्या, मोजून परत ट्रेमध्ये लावायच्या, दुहेरी कापडात बांधायच्या, वर पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या यंत्रात घालायच्या. वाफ नीट लागली की पट्टीवरच्या फिकट रेघा काळ्या होतात. तेहतीस वर्षं मावशीने हेच केलं. तिच्या हातांना कायम साबणाचा वास येतो, आणि जेवायला बसली की ती चमचा आधी दिव्यासमोर धरून बघते. पाहुण्यांच्या घरीसुद्धा. माझ्या आईला, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीला, याची भयंकर लाज वाटते.

त्या पहिल्या भागात यानातल्या हवेच्या गाळण्या धुणारी एक बाई होती. सगळी मिळून सहा-सात मिनिटं पडद्यावर असेल. एक दिवस तिच्या लक्षात येतं की गाळण्यांवर बसणारी धूळ हल्ली ओलसर असते. ती वरच्या अधिकाऱ्याला सांगते, तो हसतो. त्याच्या वरच्याला सांगते, तो हाकलून देतो. मग ती ती बरबटलेली गाळणी उचलते, कप्तान जेवत असतो तिथे जाते आणि त्याच्या ताटात ठेवते. कुठेतरी पाण्याची टाकी फुटलेली असते आणि अख्खं यान आतून कुजत चाललेलं असतं. यान वाचतं. ती परत गाळण्या धुवायला जाते. तिला नावसुद्धा नव्हतं.

"तिने यंत्र लावलं नाही, गणित केलं नाही," मावशी सांगायची. "बोट फिरवलं. रोज हात लावणाऱ्यालाच ते कळतं."

आता आठव्या भागात त्यांनी काय केलं, तर नव्या नायिकेला एक जुनी पेटी सापडते, पेटीत अंगठी, आणि उघड होतं काय, तर ती गाळणीवाली बाई मुळात सम्राटाची हरवलेली मुलगी होती. तिच्या रक्तातच म्हणे एक शक्ती होती. यानाचं दुखणं तिला आतून जाणवायचं. ती ओली धूळ, ते बोट, सगळं गेलं खड्ड्यात. रक्त!

सिनेमा संपला. काका डोळे चोळत म्हणाले, "चांगला होता."

"तुम्ही गप्प बसा," मावशी म्हणाली. त्यांना का ओरडा बसला ते त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

बाहेरच्या दालनात थिएटरवाल्यांनी चाहत्यांची चर्चा ठेवली होती. पन्नासेक लोक असतील. बरेचजण यानातले गणवेश घालून आले होते. मधोमध कप्तानाच्या वेशात एक तरुण, छातीवर पुठ्ठ्याचे बिल्ले, हातात माईक. लोक एकेक करून बोलत होते. डोळ्यांत पाणी आलं, किती वर्षांचं कोडं सुटलं, असं चाललं होतं. मी मावशीला दाराकडे वळवत होते, तेवढ्यात तिने माझ्या हातात पर्स कोंबली आणि सरळ माईकपाशी गेली.

"मला बोलायचंय."

"या ना, आजी," तो बिल्लेवाला म्हणाला.

"आजी कोणाला म्हणतोस? अजून नोकरीत आहे मी."

लोक हसले. तोही हसला, पण जरा वरमला. मग त्याने चाल केली. "बरं, बोलण्याआधी एक छोटासा प्रश्न! सगळ्यांनाच विचारतोय. यानाच्या इंजिनाचा क्रमांक काय?"

"मला काय माहीत."

"कप्तानाचं पूर्ण नाव?"

"टकला होता एवढं आठवतं."

आता हशा मोठा झाला. पुढे उभी असलेली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "नुसत्या बघायला येतात." ते मावशीला ऐकू गेलं. मलाही गेलं. माझे कान तापले आणि मला वाटलं, आता चल बाई, पुरे झालं.

"हो, नुसतं बघायलाच येते," मावशी माईकमध्ये म्हणाली. "तिकीट काढून येते. आणि जे दाखवलं ते बघते. पहिल्या भागात तुम्ही मला एक साधी बाई दाखवलीत. कामाची बाई. तिला अक्कल होती, म्हणून यान वाचलं. आज तुम्ही सांगताय की ती अक्कल तिची नव्हतीच, बापाची होती. म्हणजे साध्या बाईला काही कळूच शकत नाही. कळलं तर ती आत कुठूनतरी राजकन्याच असणार. असंच ना?"

मग चष्मा लावलेला एक माणूस समजावणीच्या सुरात म्हणाला, "तसं नाही मॅडम. उलट यामुळे त्या पात्राला खोली आली."

"खोली?" मावशी म्हणाली. "खोली होतीच तिला. गाळण्यांच्या शेजारी. एक पलंग आणि एक नळ. मी बघितलीय."

या वेळी लोक तिच्यावर नाही, तिच्याबरोबर हसले. चष्मेवालाही हसला. पण मावशीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तिला विनोद करायचाच नव्हता.

"पण पहिल्या भागातही तिच्या बोटात अंगठी दिसते," बिल्लेवाला म्हणाला. "तो संकेत होता. तुम्ही एकदाच पाहिलाय म्हणून लक्षात आलं नसेल."

"अंगठी घालून गाळण्या धुतात का?" मावशीचा आवाज चढला. "कधी हाताने काही घासलंयस? अंगठीखाली घाण राहते. आमच्याकडे कुणी अंगठी घालून आलं तर मी दारातून परत पाठवते. एवढं पण ज्यांना माहीत नाही, ते लिहितात गोष्ट!"

बिल्लेवाल्याने हळूच माईक काढून घेतला आणि "खूप वेगळा दृष्टिकोन, धन्यवाद" म्हणाला. दोन-चार टाळ्या पडल्या. मावशीने पर्स घेतली आणि निघाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी चूक केली ती घरी आल्यावर. ती चहाचं भांडं इतक्या जोरात घासत होती की वाटलं तळ निघून येईल. मी म्हटलं, "सोड ना मावशी. सिनेमाच आहे शेवटी."

तिने नळ बंद केला.

"सोडायचं. किती वेळा सोडायचं?" ती म्हणाली. हात न पुसता तशीच आत गेली, कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि माझ्यापुढे टाकली. "वाच. तू वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करतेस ना? मग वाच, आणि सांग हा सिनेमा आहे का."

पिशवीत एक सतरा वर्षांपूर्वीचा मेमो होता. विनापरवानगी यंत्र बंद करून शस्त्रक्रियांचा खोळंबा केल्याबद्दल सक्त ताकीद, पुन्हा असं घडल्यास कारवाई. ही गोष्ट मला अर्धवट माहीत होती. पूर्ण त्या दिवशी कळली.

सतरा वर्षांपूर्वी सलग दोन दिवस यंत्रातून निघालेल्या गाठोड्यांच्या कापडाला मावशीला ओल दिसली. अगदी कोपऱ्याला, नखाएवढी. पट्ट्यांवरच्या रेघा काळ्या झालेल्या होत्या, डायल बरोबर होती. पण कापड ओलं असलं की त्यातून जंतू आत शिरतात, ते गाठोडं बाद. तिने इंजिनिअरला बोलावलं. त्याने डायल बघितली आणि म्हणाला, "बाई, आकडा बरोबर आहे. तुमचे हात ओले असतील." दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. तो आलाच नाही. त्या सकाळी वर चार शस्त्रक्रिया ठरलेल्या होत्या. मावशीने यंत्र बंद केलं, आदल्या दिवसापासूनचं एकूण एक गाठोडं वरून परत मागवलं, आणि त्यातलं एक ओलं गाठोडं नेऊन अधीक्षकांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवर ठेवलं.

चार शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. डॉक्टर तळघरात येऊन ओरडून गेले. दुपारी यंत्र उघडलं तेव्हा कळलं, की वाफेच्या नळात साचणारं पाणी बाहेर टाकणारी झडप अडकली होती. वाफेबरोबर पाणी आत येत होतं. महिन्याभराने इस्पितळाच्या पत्रकात छापून आलं, 'अभियांत्रिकी विभागाच्या दक्षतेमुळे संभाव्य धोका टळला.' सोबत इंजिनिअरचा फोटो. आणि मावशीला मेमो.

"म्हणजे तू त्या गाळणीवालीसारखंच..." मी म्हणायला गेले.

"काही नाही हं!" ती उसळली. "सिनेमा बघून कुणी यंत्र बंद करतं का? कापड ओलं होतं म्हणून बंद केलं. तिचं नाव मध्ये आणू नकोस. मला तिचा राग नाही. मला राग याचा आहे, की तिची गोष्टसुद्धा दुसऱ्याच्या नावावर केली. आता कुणाकडे बघायचं?"

काका दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "मेमो फाडून टाक म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं."

"फाडला तर पुरावा कुठला?" मावशी म्हणाली. "बस खाली," हे मला. "अर्ज टाईप कर. मेमो मागे घ्या म्हणून."

तिच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. मी तेवढं बोलून बघितलं. त्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी मुकाट लॅपटॉप उघडला.

अर्ज तीनदा लिहावा लागला. पहिल्या खर्ड्यात मी सवयीने 'विनम्र विनंती' लिहिलं होतं. तिने ते काढायला लावलं. दुसऱ्यात 'कृपया विचार व्हावा' होतं. "कृपा कसली? विचार कसला? चूक त्यांची आहे." तिसऱ्या खर्ड्यात जे उरलं ते सात ओळींचं होतं आणि वाचताना मला धडकी भरत होती.

मंगळवारी ती मला बरोबर घेऊन गेली. कायद्याच्या ऑफिसातलं माणूस म्हणून. मी तिथे फक्त टायपिस्ट आहे हे कुणाला सांगायचं नाही, अशी तंबी दिली. अधीक्षक नवे होते, त्या प्रसंगानंतरचे तिसरे. सभ्य माणूस. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि हसून म्हणाले, "अहो ताई, आता काय हे? चार महिन्यांत छान निरोप घ्यायचा. सतरा वर्षांपूर्वीचं कशाला उकरून काढताय?"

"पुरलं कुणी होतं?" मावशी म्हणाली. "माझ्या फाईलमध्ये आहे ते अजून. उघडून बघा."

फाईल आली. मेमो होता. त्यांनी तो वाचला, मग मावशीने पिशवीतून नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स काढून दिली. त्यात तिच्या अक्षरात सगळं होतं. किती वाजता ओल दिसली, किती वाजता इंजिनिअरला कळवलं, त्याचं उत्तर, दुसऱ्या दिवशीचा निरोप, यंत्र बंद केल्याची वेळ. खाली झडप सापडल्याची नोंद, दुसऱ्याच्या अक्षरात.

अधीक्षकांचं हसू गेलं. ते दोनदा वाचून म्हणाले, "हे तर... मेमो द्यायलाच नको होता."

"तेच लिहा."

"मेमो मागे घेतो. ते माझ्या हातात आहे."

"आणि यंत्र बंद केलं ते बरोबर होतं, हे?"

"असं चौकशीशिवाय लिहिता येत नाही हो."

"मग करा चौकशी."

"ताई, कुणाची करू? ते इंजिनिअर दोन वर्षांपूर्वी वारले. तेव्हाचे अधीक्षक परदेशात मुलाकडे असतात. डॉक्टरांपैकी कुणी उरलं नाही इथे. विचारायला माणूसच नाही."

मावशी खुर्चीत ताठ बसली होती. मला वाटलं ती ओरडेल. माझी तर इच्छा होती की तिने ओरडावं. इंजिनिअर वारल्याचं तिला ठाऊक होतं, ती त्याच्या घरी भेटून आली होती. पण हे असं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, की आता कुणी उरलंच नाही.

"मी आहे ना अजून," ती म्हणाली.

अधीक्षकांनी ते नोंदवहीचं पान पुन्हा एकदा पुढे ओढलं. मग त्यांनी कारकुनाला बोलावून पत्र टाईप करून घेतलं. मेमो मागे घेण्यात येत आहे, एवढंच. सही करायच्या आधी थांबले आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली. 'नोंदवहीनुसार यंत्र बंद करण्याचा निर्णय यांचा होता.'

"बरोबर होता, हे नाही लिहिलंत," मावशी म्हणाली.

"एवढंच लिहू शकतो. खरंच. समाधान झालं का?"

"नाही."

कारकुनाने पोच घ्यायला दुसरी प्रत पुढे केली. लोक तिथे नुसतं 'मिळाले' लिहून सही करतात. मावशीने लिहिलं, 'मिळाले. अपुरे आहे.' आणि खाली सही केली, तारीख घातली, पेनाचं टोपण लावून पेन परत दिलं. कारकुनाने अधीक्षकांकडे बघितलं. अधीक्षक म्हणाले, "लाव फाईलला. तसंच लाव."

बाहेर जिन्यात मी तिला म्हटलं की हे काही कमी नाही, सतरा वर्षांनी का होईना, नाव तरी आलं.

"नाव कुठे आलं? 'यांचा' लिहिलंय," ती म्हणाली. राग तसूभरही उतरला नव्हता. उलट आता तो तिच्या अंगावर नीट बसल्यासारखा दिसत होता. मी विचारलं, अर्धा दिवस रजा टाकलीच आहेस तर घरी जाऊया का, चहा घेऊया का.

तिने घड्याळ बघितलं. "दोनचे ट्रे आले असतील. त्या नव्या पोरी कात्रीचा सांधा उघडत नाहीत, वरच्या वर पुसतात," ती म्हणाली आणि ते पत्र पर्समध्ये कोंबून तळघराकडे उतरायला लागली.